सरांनी खोडलेली पंगत

मोनाली : माझ्या निबंधातली ‘पंगत’ सरांनी खोडली, बाबा. वर लाल पेननं ‘टेबल’ लिहिलं.

भोजराज : मंग बरोबर आहे न. भाषनात का होतं?

मोनाली : टेबलच. अमेरिकेतले काळे-गोरे एका टेबलावर जेवावे, असं धड्यातल्या त्या काळ्या पुढाऱ्याला वाटत होतं. सर म्हणाले, हा विचार आपल्या आयुष्याशी जोडून लिहा. आपल्या आयुष्यात टेबल कुठं आहे?

भोजराज : (कांदा चिरता चिरता) हे का, चौदा टेबल आहेत ढाब्यावर! पंजाबी ड्रायव्हर, रायपूरचा क्लीनर, आपला जागेश्वर सरपंच, सब एका लायनीत बसून माह्या हातची शेवभाजी खाते. झाली समता. लिव्ह.

मोनाली : आणि रविवारी आपल्या अश्विनदादाच्या लग्नात?

भोजराज : लगनाचं काऊन काढून रायली?

मोनाली : तेच तर लिहिलं. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर तुमच्या हातचं खाणारा सरपंच गावात आपल्या घरचं खात नाही. म्हणून आपल्या बौद्धांच्या लग्नाला आचारी त्यांच्या जातीचा आणावा लागतो. गोवर्धनकाका.

भोजराज : अवं माय! आन् हे तू उद्या शाळंत वाचशील?

मोनाली : हो. निबंधात पहिला नंबर आहे माझा. प्रमुख पाहुणे सरपंच.

भोजराज : लगन होऊ दे न बाई! सोमवारी आन तुही समता. चारशे लोकाचा सैपाक सांगून ठेवला. कोनी आलंच नाई त?

मोनाली : सर पण तेच म्हणाले. एवढा भाग काढ, अमेरिका वाढव.

भोजराज : शिकलेला मानूस आहे.

मोनाली : दीप्तीताईच्या लग्नात तर सगळे जेवले होते.

भोजराज : गच्च! सरपंचानं तीनदा वांग्याची भाजी मांगली. मंग मले बाजूले घेऊन म्हनते, भोजराज, गोवर्धनच्या हाताले चव आहे. शिकून घे थोडं.

मोनाली : तुम्ही काय म्हणालात?

भोजराज : हो म्हनलो.

मोनाली : राग नाही आला?

भोजराज : हासू आलं. गोवर्धन सकाळपासून टुन्न होऊन मांडवामागं पडला होता. सारा सैपाक म्याच केला. पंगत बसतेवेळी त्याच्या तोंडावर पानी मारलं आन् हातात पळी देऊन उभा केला.

मोनाली : बाबा! म्हणजे सगळं गाव बाटलं?

भोजराज : तीन सालं झाले. कोनाचं पोट बी दुखलं नाई.

मोनाली : आणि तुम्ही कुणालाच सांगितलं नाही!

भोजराज : सांगून का करू? पोरीचं लगन मोडू?

मोनाली : ठीक आहे. काढते मी तो भाग. अमेरिका लिहिते.

भोजराज : …थांब. हासू आलं म्हनलो, ते खोटं. लय राग आला होता. सोताच्या मांडवात, सोताच्या भाजीची तारीफ दुसऱ्याच्या नावानं आयकली म्या. अजून बोचते.

मोनाली : मग काय करू?

भोजराज : काढू नको. खाली एक ओळ टाक. वांग्याची भाजी भोजराजनं केली होती, म्हनून.

मोनाली : आणि रविवारी खरंच कुणी आलं नाही तर?

भोजराज : एक त येईल. गोवर्धनले सांगून ठेवतो, या खेपेस पळी नाई धराची. पंगतीत बसाचं.