गॅप सर्टिफिकेट

कॉलेजला गॅप सर्टिफिकेट हवं होतं. मधलं एक वर्ष का गेलं, ते स्टँपपेपरवर लिहून द्यायचं. म्हणून शर्मिलाताई लेकीला, शेफालीला घेऊन कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे आल्या होत्या. पर्समध्ये डॉक्टरांशी गोड बोलून मिळवलेला काविळीचा दाखला होता. पुढे बापलेकांचा नंबर होता.

“कारण काय लिहू? कावीळ ना?” टायपिस्टनं मुलाला विचारलं.

“नाही काका. सीईटीत मार्क कमी पडले. कॉलेजवाले म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.”

“किती होते?”

“दोनशेत एक्काहत्तर.”

“अहो, असं कुणी लिहून देतं का?”

“आम्ही देतो,” वडील म्हणाले. “लिहा.”

“बरं. वर्षभर काय केलंस?”

“सकाळी क्लास. दुपारी सायबर कॅफे सांभाळला. पोहायला शिकलो.”

“पोहणंही टाइप करू?”

“करा की,” वडील म्हणाले. “आता मला शिकवतोय. नाकात पाणी जातं, पण मजा येते.”

“यंदा किती?”

“एकशे चार.”

“म्हणजे फार उड्या मारायला नकोत.”

“त्या पुढच्या महिन्यात शिकणार आहोत.”

बापलेक हसत निघून गेले.

“बोला ताई. कावीळ?”

शर्मिलाताईंनी पर्स उघडली. शेफालीनं ती हळूच बंद केली.

“माझे अडुसष्ट होते, काका.”

“आईंना चालेल?”

“लिहा,” शर्मिलाताई म्हणाल्या.

“बरं झालं. सकाळपासून नऊ काविळी टाइप केल्यात. संध्याकाळपर्यंत अर्धं पुणं पिवळं पडलं असतं.”