मिश्रीचा अर्धा तास

नूतन : विमलआजी, नळीतली थुंकी काळी कशी आली?

विमलबाई : काळी कुठं? जराशी करडी हाय.

इंदुबाई : मिश्री लावलीन त्यांनी. आत्ता, दारामागं जाऊन.

विमलबाई : विहीणबाई, तुम्ही तपासणीला आलात का पोलिसात भरती झालात?

नूतन : आजी, मी फोनवर सांगितलं होतं, थुंकी देण्याआधी अर्धा तास काही खायचं नाही.

विमलबाई : मग खाल्लं कुठं? रोह्यापासनं उपाशी आलेय. मिश्री काय खाणं हाय? ती दातांना लावतात.

नूतन : चूळ भरा आणि अर्धा तास बसा. तोवर दम्याच्या अभ्यासाचा फॉर्म भरू. मनस्वीला दमा आहे, म्हणून तिच्या दोन्ही आज्यांना पेणला बोलावलं. एकीचीच थुंकी घेऊन कसं चालेल?

इंदुबाई : माझी नळी रेघेपर्यंत भरली गो बाय. चिंच आठवली नि झालं.

विमलबाई : भरणारच. पोरीला दमा तुमच्याकडनंच आलाय. ते खाडीचं वारं, ती मिठागराची खार. आमच्याकडं डोंगराची हवा, भात नि वाल. माझ्या नितेशला साधा खोकला नाय.

नूतन : इतकं सोपं असतं तर एवढ्या नळ्या कशाला लागल्या असत्या? आपण सगळे मिसळलेले आहोत, आजी. कुणाचे पूर्वज जमिनीवरून आले, कुणाचे समुद्राकडून. शेकडो पिढ्या लग्नं झाली. प्रत्येकात थोडं थोडं सगळ्यांचं आहे. त्यातला जनुकांचा कुठला तुकडा दमेकऱ्यांत जास्त दिसतो, ते शोधायचंय. हजारो लोकांच्या थुंकीतून.

विमलबाई : म्हंजे आमच्या पोरीला कुणाकडनं आला, ते ह्यात कळणार नाय?

नूतन : एका घरापुरतं नाही सांगता येत. शिवाय धूळ, धूर, कंपन्यांची हवा, तेही असतंच.

विमलबाई : मग मी आले कशाला?

इंदुबाई : मिश्री लावायला.

नूतन : इंदूआजी, तुमच्या माहेरी दमा कुणाला?

इंदुबाई : माझ्या बापाला. मिठागराच्या बांधावर बसून धापा टाकायचा. लिहा, लपवायचं काय त्यात?

विमलबाई : बघा. मी बोलले होते.

नूतन : आणि विमलआजी, तुम्हाला कधी दम लागतो? छातीत शिटी वाजल्यासारखी?

विमलबाई : नाय.

नूतन : भात झोडताना?

विमलबाई : नाय बोलले ना. विहीणबाई, तुम्ही खाली मान घालून काय हसता?

इंदुबाई : हसत नाय. लिहा गो बाय, नाय म्हणून लिहा.

विमलबाई : पोटात ठेवू नका. बोला.

इंदुबाई : आठ वर्षं ठेवलंय. माझ्या भूमिकाच्या हळदीला तुम्ही मंडपामागं भिंतीला धरून उभ्या होता. छाती वाजत होती तुमची. मी पाणी आणलं तर बोललात, ठसका लागला.

विमलबाई : ठसकाच होता.

इंदुबाई : बापाचा दमा ऐकत वाढले मी. ठसका वेगळा वाजतो.

विमलबाई : मग तवाच का नाय बोललात? चार वर्षं मी तुमच्या लेकीला ऐकवते.

इंदुबाई : लेक तुमच्या घरात नांदायची होती. तिच्या सासूला उघडं पाडून मना काय मिळणार होतं? पण मनस्वीला तुम्ही आजोळी धाडत नाय. खारं वारं बाधेल म्हणता. सहा वर्षांची झाली पोर, आजून मिठाची रास बघितली नाय तिनं. ते मना फार लागतं, विहीणबाई.

(विमलबाई उठून चूळ भरून येतात.)

विमलबाई : माझं लगीन ठरलं तवा आई बोलली, दम्याचं सासरी कळू देऊ नको, परत धाडतील. सर्दी हाय म्हणून सांग. तेच सांगत आले. नवऱ्याला पण सर्दीच ठाऊक.

नूतन : आणि औषध?

विमलबाई : सर्दीचं घेते ना. चाळीस वर्षं.

नूतन : आज जायच्या आधी डॉक्टरांना भेटायचं. मनस्वीला खाडीवर जमेल का, तेही विचारू. पंप बरोबर असला तर बहुतेक हरकत नसते. आता काय लिहू?

विमलबाई : हाय म्हणून लिही. नाव पण नीट घाल, विमल बाबाजी.

नूतन : नाव नसतं ह्यावर, नुसता नंबर. तुमचं कुणाला कळणार नाही.

विमलबाई : कुणालाच नाय?

नूतन : कुणालाच नाही.

विमलबाई : मग भूमिकाला फोन लाव गो.

इंदुबाई : राहू दे आता, विहीणबाई. ती कामावर असेल.

विमलबाई : लाव गो तू. ... हॅलो, भूमिका? मी बोलते. डॉक्टर हो बोलले तर ह्या सुट्टीत मनस्वीला आजोळी धाडू. ... व्हय, मीच बोलते. ... माझी? तब्येत बरी हाय. ... नाय गो, बरी नाय. तेच तुला सांगायचंय.