घड्याळ उतरवताना आकडा टिपून ठेवावा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि जयपुरातल्या आम्हा मराठी मंडळींचे वडीलधारे मुरलीधर सर, आजचे सत्कारमूर्ती श्री. देवदत्त खांबेटे, त्यांच्या शेजारी बसून मघापासून पदराशी चाळा करणाऱ्या आमच्या प्रभावहिनी, मंडळाचे कार्यवाह परेशभाऊ, आणि जेवण साडेबाराला आहे हे ठाऊक असूनही साडेदहालाच येऊन खुर्च्या धरणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना सुनेत्रा कुरुंदवाडेचा नमस्कार.

माझ्याआधी चौघे बोलले. चौघांनीही ‘दूरदृष्टी’ हा शब्द वापरला. एकूण सात वेळा. मी मोजला, कारण मोजणं हाच माझा व्यवसाय आहे. मालवीय नगरातल्या आमच्या कंपनीत मी अकरा वर्षं देवदत्तजींच्या हाताखाली मोजण्याचंच काम करते आहे. ‘देवदत्तजी’ म्हणते, कारण जयपुरात वीस वर्षं काढली की मराठी माणसाच्या नावामागचा ‘राव’ गळून पडतो आणि ‘जी’ चिकटतो. माणूस तोच राहतो, ही गोष्ट वेगळी.

परवा मंगळवारी ते पुण्याला जात आहेत. मुख्य कचेरीत उपाध्यक्ष म्हणून. परेशभाऊ मला म्हणाले, “ताई, तुम्ही सगळ्यात जुन्या सहकारी, तुम्ही बोलायलाच हवं. दोन शब्द. गोड बोला.” मी म्हटलं, बोलेन. गोडाचं वचन मी दिलं नव्हतं, श्रीखंड आहेच.

एक आठवण सांगते. प्रभावहिनींना विचारून सांगते आहे, तेव्हा त्यांच्याकडे असं चमकून बघू नका.

गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळाने चालण्याची स्पर्धा घेतली होती. चाळीस दिवस, ज्याची पावलं जास्त त्याचा सत्कार. पहिले आले देवदत्तजी. रोजची एकोणीस हजार पावलं! याच व्यासपीठावर शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि ‘साठीकडे झुकताना तारुण्य कसं टिकवावं’ यावर त्यांनी आपल्याला वीस मिनिटं ऐकवलं. आठवतंय ना? मला आठवतंय, माझा पाय झोपला होता.

आता गंमत अशी, की खांबेट्यांच्या घरात पावलं मोजणारं घड्याळ एकच. सकाळी सहा ते सात ते देवदत्तजींच्या मनगटावर. सेंट्रल पार्कला दोन फेऱ्या, मग बाकावर बसून देशाच्या धोरणावर चर्चा. घरी आल्यावर आंघोळीला जाताना घड्याळ उतरवायचं. मग ते प्रभावहिनी घालायच्या, कारण त्यांनाही डॉक्टरांनी चालणं मोजायला सांगितलेलं. स्वयंपाकघर, गच्ची, भाजी, सासऱ्यांची औषधं, संध्याकाळी आपल्या मुलांचा मराठीचा वर्ग. संध्याकाळी सात वाजता घड्याळ परत साहेबांच्या हातात. ते आकड्याचा फोटो काढणार आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकणार. घड्याळ एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ‘इथवर माझी, इथून तुझी’ असं कुणी टिपलं का? नाही. यात लबाडी होती असंही मी म्हणत नाही. लबाडीला निदान डोकं लागतं. या माणसाला चाळीस दिवसांत एकदाही प्रश्न पडला नाही, की मी दोन फेऱ्या मारून बाकावर बसतो, मग एकोणीस हजार येतात कुठून?

वहिनी मला तेव्हा एवढंच म्हणाल्या, “सुनेत्राताई, पावलं माझी, नारळ त्यांचा. असू दे, चटणी मीच करणार आहे.”

हसलात, बरं वाटलं. आता आमच्या कामाचं सांगते. ते अगदी हेच आहे, त्यामुळे कळेल.

आमच्याकडे मोठाले संगणक आहेत. एकेका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक छोटे संगणक चालतात. ते खरे नसतात, पण वापरणाऱ्याला वाटतं, हा आख्खा माझाच. त्यांना आम्ही पाहुणे म्हणतो आणि मोठ्याला यजमान. बसायला पाट मात्र एकच, म्हणजे प्रोसेसर. त्यावर सेकंदाला हजारो वेळा पाहुणा उठतो, यजमान बसतो, यजमान उठतो, पाहुणा बसतो. त्या प्रोसेसरमध्ये थोडेसे काउंटर असतात. किती सूचना पार पडल्या, किती वेळा मेमरीकडे धाव घ्यावी लागली, हे ते मोजतात. घड्याळ एकच आणि मनगटं अनेक. म्हणून नियम असा, की पाहुणा उठला की त्याचा आकडा टिपून बाजूला ठेवायचा आणि यजमानाचा आधीचा आकडा लावायचा. पाहुणा परत बसला की उलट. एवढंच. सातवीतल्या मुलाला समजेल.

पण टिपण्याला वेळ लागतो. अगदी चिमूटभर, तरी हजारो वेळा. आठ वर्षांपूर्वी देवदत्तजींना दूरदृष्टी झाली. ते म्हणाले, पाहुणा क्षणभरच तर उठतो, लगेच येणार असतो, मग टिपायचं कशाला? चालू द्या काउंटर तसाच. टिपणं काढून टाकलं. अदलाबदल वेगवान झाली, आलेख वर गेला, कंपनीने पारितोषिक दिलं. मघाशी पडद्यावर जे फोटो दाखवले त्यातला तिसरा, हातात काचेचं स्मृतिचिन्ह आणि मागे वर चढणारी रेघ, तो त्याचाच. टाळ्या तुम्ही आत्ता वाजवल्यात.

आणि त्या क्षणभरात यजमान जे काम करायचा, ते पाहुण्याच्या नावावर जायला लागलं. आठ वर्षं.

मुरलीधर सर, तुमची चिठ्ठी मिळाली. ‘आवरते घ्या.’ घेते. तुम्ही आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलंत. चुकीच्या मापावर प्रयोगवही तपासून दिली असती का तुम्ही? नाही ना? मग पाच मिनिटं द्या.

हे पकडलं कुणी? समोर तिसऱ्या रांगेत डॉ. कौमुदी बसल्या आहेत. त्यांच्या प्रयोगशाळेचा प्रोग्राम आमच्या यंत्रावर चालतो. चार महिने त्या आणि त्यांची माणसं आपलाच प्रोग्राम सोलत बसली होती, कारण आमचे आकडे म्हणत होते की तो फार खातो. शेवटी त्यांनी एका रविवारी तो पूर्ण बंद करून पाहिला. प्रोग्राम झोपलेला आणि काउंटर धावतोय! त्यांनी फोन केला. देवदत्तजींनी उत्तर दिलं, “डॉक्टर, हे तांत्रिक असतं, तुम्ही रक्त-लघवी बघा.” कौमुदीताई, मान डोलावताय, म्हणजे शब्दही बरोबर आहेत.

तो फोन पुढे ज्या मुलीकडे ढकलला गेला ती स्वानंदी. मागे प्रोजेक्टरजवळ बसली आहे. मघाचे फोटो तिनेच लावले. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे लागली. जन्म जयपूरचा, घर बनी पार्कला, मराठी अडखळत बोलते, पण यंत्राशी अडखळत नाही. तीन आठवडे बसून तिने मूळ शोधलं आणि टिपणं परत घातलं. शिवाय एक शहाणपण केलं. ज्या पाहुण्याने मोजणी मागितलीच नाही, त्याच्यासाठी टिपत बसायचं नाही. म्हणजे चिमूटभर वेळही ज्याला गरज आहे त्याच्यापुरताच. इतका साधा विचार आम्हा अनुभवी लोकांना आठ वर्षांत सुचला नव्हता. आम्ही अनुभव घेत होतो.

झालं काय, की देवदत्तजींचा आलेख बोटभर खाली आला. पुण्याच्या निवडीला पंधरा दिवस उरले असताना. बैठक बोलावली गेली. साहेब तिला म्हणाले, “बेटा, ग्राहकाला बरोबर आकडा नको असतो, छान आकडा हवा असतो.” ती पोर उभी राहिली. म्हणाली, “सर, पण तो आकडा त्यांचा नाहीये... मतलब, तो आपला आहे.”

मला बत्तीस वर्षांच्या नोकरीत याहून स्वच्छ मराठी ऐकल्याचं आठवत नाही.

तिचं काम त्याच दिवशी काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिच्या फायलीत शेरा आला, ‘यंत्रणा मंदावली. कामगिरी असमाधानकारक.’ येत्या शुक्रवारी तिचा शेवटचा दिवस. तिच्या घरी वडील अंथरुणाला खिळलेले आहेत, जयपूर सोडून ती कुठे जाणार? तेव्हा आज निरोप खरं तर दोघांचा आहे. हार एकच आणलाय. आणि या निरोपाचे फोटो लावायला सांगितले तेही तिलाच. तिने तिसरा फोटोही जागच्या जागी लावला. मी असते तर उलटा लावला असता.

काय म्हणालात, देवदत्तजी? माईकमध्ये सांगते, मागे ऐकू गेलं नसेल. साहेब विचारताहेत, “सुनेत्राताई, हे इथे कशाला?”

इथे, कारण शालही इथेच मिळते. कचेरीत मी सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, निरोपानंतर बघू. निरोपानंतर तुम्ही पुण्यात आणि ती घरी. मग कोण काय बघणार? मला तुमचा राग येत नाही. रागावण्याइतकं तुमच्यात काही आहे असं मला आता वाटत नाही. दुसऱ्याच्या पावलांवर पहिलं यायचं आणि मग तारुण्याचं रहस्य सांगायचं, या माणसाची कीव करावी तर तीही वाया जाते.

पण थांबा. तुम्ही सगळे आता माझ्याकडे कौतुकाने बघायला लागलात, ते आधी बंद करा. आमच्याकडे नियम आहे. कुणाचं तपासून घातलेलं काम मागे घ्यायचं असेल तर दोन वरिष्ठांच्या सह्या लागतात. हा नियम देवदत्तजींचाच. स्वानंदीचं काम मागे घेतलं त्या कागदावर पहिली सही त्यांची होती. दुसरी माझी. हो, माझी. आकडे खोटे आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. निवृत्तीला चौदा महिने उरलेत, कशाला वाईटपणा घ्या, असं म्हणून केली. चार सेकंद लागले असतील. त्यानंतर मी डबा उघडला आणि नीट जेवले, भाजी कोणती होती तेही आठवतंय. तेव्हा देवदत्तजींबद्दल मी जे जे बोलले, त्यातलं निम्मं मी घरी आरशाला आधीच ऐकवून आले आहे.

काल सकाळी मी ती सही मागे घेतली. लेखी, कारणासह, आठ वर्षांच्या आकड्यांसह. एक प्रत पुण्याला, एक मनुष्यबळ विभागाला, एक डॉ. कौमुदींना, कारण चार महिने त्यांचे गेलेत. दोनापैकी एक सही गेली की मूळ काम आपोआप परत लागतं, असं त्याच नियमात पुढे लिहिलंय. देवदत्तजी, नियम करताना तुम्ही तो शेवटपर्यंत वाचला नसावा. उद्या सोमवारी सकाळी अकराला स्वानंदीचं टिपणं सगळ्या यंत्रांवर परत चालू होईल, तिच्या नावाने. त्या फायलीतला शेरा ज्या कागदावर उभा होता तो कागदच राहिलेला नाही, असं मनुष्यबळ विभागाने काल दुपारी मला कळवलं. शुक्रवार तूर्त स्थगित आहे. स्वानंदी, हे तुला मी आधी सांगितलं नाही. मागच्या वेळीही तुला न विचारताच सही केली होती, म्हणून यावेळी सगळ्यांदेखत सांगते. रडू नकोस, मशीन तापलंय, त्याच्याकडे लक्ष दे.

उद्या अकराला आलेख बोटभर खाली येईल, देवदत्तजी. मंगळवारी पुण्याला तो घेऊन जा. तुमचा असा तो पहिलाच.

परेशभाऊ घड्याळ दाखवत आहेत, तेव्हा समारोप करते. या कृत्याबद्दल मलाही बहुधा लवकरच असाच निरोप मिळेल. मंडळाला विनंती, माझ्या वेळी झेंडू चालेल. मला बोलू दिल्याबद्दल मुरलीधर सरांचे आभार, दुसरी चिठ्ठी लिहून ती न पाठवल्याबद्दलही. श्रीखंड करणाऱ्यांचे आभार, ते सगळ्यांना पुरेल असं दिसतंय. प्रभावहिनी, तुमचे विशेष आभार. नवं घड्याळ घ्याल तेव्हा स्वतंत्र घ्या.

बत्तीस वर्षं यंत्रांशीच बोलत आल्यामुळे माणसांपुढे कसं बोलावं याचा मला सराव नाही. माझ्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करा. आणि क्षमा नाही केलीत तरी चालेल. फक्त ती चूक माझ्याच नावावर मोजा, मागच्या रांगेतल्या त्या मुलीच्या नको.

नमस्कार.