अरुणभियांचे कप

हे जपानी कप माझ्याकडे कुठून आले, विचारताय ना? तुकोगंजच्या आमच्या अरुणभियांचे आहेत. भारी शौक त्यांना. एकेक कप हौसेनं मागवायचे आणि रोज सकाळी वहिनींबरोबर त्यातूनच चहा प्यायचे.

मागच्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा हलका झटका आला. बरे झाले, पण हात थरथरतो.

परवा गेलो, तर सगळे कप कागदात गुंडाळून खोक्यात भरलेले. म्हणाले, "घेऊन जा."

"अहो भिया, एखादा फुटला तर फुटला!"

"फुटायची फिकर नाही रे. दोन तर फुटलेसुद्धा." मग आवाज उतरला. "सकाळच्या चहाला ही खूप बोलायची. माहेरचं, शेजारचं, पूरा मोहल्ला. आता मी कप उचलला की बोलता बोलता थांबते. खाली ठेवेपर्यंत नुसती माझ्या हाताकडे बघत बसते. स्टीलच्या ग्लासाला तरी घाबरणार नाही."

वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता नको म्हणतील. त्या आत गेल्या आणि खोका बांधायला सुतळी घेऊन आल्या.