पुरातल्या बाळाचा घास

ठण्ण — आणि मग फरशीवर गरगर फिरत, घरघरत, हळूहळू निजणारी वाटी.

मंडळी, दुपारची वेळ, घर चिडीचूप, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवरून वाटी पडते. तुमच्याकडे वाटी पडली की काय होतं? घरातली बाई उठते. आमच्याकडे ती उठली नाही. कारण ती बाई — म्हणजे मीच, जी आता गळ्यात हार घालून तुम्हाला शहाणपण सांगायला उभी आहे — पुढच्या खोलीत बसून मोबाईलमध्ये पूर बघत होती.

आजचा प्रश्न तोच. दुसऱ्याचं दुःख माणसानं किती ऐकावं? कान बंद केले तर आपण दगड. आणि सगळंच ऐकलं तर?

एरवी मी इथं कीर्तनात पुराणातल्या राण्या सांगते. आज राणी नाही, आमचं स्वयंपाकघर आहे. हे आख्यान मी मुलीच्या झोपेत बसवलंय. ती जिथं जिथं उठली, तिथं तिथं ते कच्चं राहिलंय. दत्तूकाका, तबल्यावर सांभाळून घ्या. काका म्हणतायत, "दर वेळी तेच करतो." ऐकलंत?

तर तो पूर कुठला? आमच्यापासून कितीतरी लांबचा. नदीचं नावसुद्धा मला धड म्हणता येईना, पण पातळी विचारा — सकाळची, दुपारची, धरणातून सोडलेल्या पाण्याची. ह्यांनी एकदा विचारलं, "आपल्या टाकीत पाणी आहे का गं?" ते मात्र मला माहीत नव्हतं.

आणि वर अभिमान केवढा! मला वाटे, जगाची काळजी वाहणारी या आळीत मी एकटीच. बाकीच्या बायका बघा, खुशाल कोथिंबीर निवडतायत.

आता माझी मुलगी गार्गी. चार वर्षांची. ती बघा, पहिल्या ओळीत आजीच्या मांडीवर बसलीय आणि आजीच्या बांगड्या मोजतेय. हिला भरवायचं म्हणजे काय ते आयांना सांगायला नको. हा घास चिऊचा, हा घास काऊचा. जगात ज्यांना चोच आहे ते सगळे आमच्याकडे जेवून गेले. एके दिवशी माझ्या एका हातात वरणभात, दुसऱ्या हातात पूर. तोंडानं चिऊ चाललेली, डोळे नदीवर. आणि बोलता बोलता तोंडातून गेलं, "हा घास माऊचा, हा घास... पुरातल्या बाळाचा."

वर तिला फोटो दाखवला. पत्र्यावर बसलेलं एक बाळ. मला वाटलं, पोरीला दया शिकवतेय मी.

मंडळी, चिऊचा घास मूल का खातं? चिऊ काही येत नाही, हे त्यालाही ठाऊक असतं. पण हे बाळ गार्गीनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग दर जेवणाला तेच सुरू झालं. ती म्हणायची, "आई, बाळाचा घास दे." मी द्यायचे. गाल फुगवून ती पळायची. ताट रिकामं व्हायचं, मी खूश. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, हिचा परकर कमरेवर राहत नाही. वाळलीय पोर."

मी काय म्हणाले असेन? "आई, तिकडे किती मुलं उपाशी आहेत, कल्पना आहे तुम्हाला?"

सासूबाई म्हणाल्या, "तिकडची मला दिसत नाहीत. इकडची एक दिसतेय."

आणि मग ती वाटी पडली. सासूबाईच उठल्या, गुडघे धरून. "वैदेही, जरा इकडे ये." गेले. खिडकीच्या कट्ट्यावर वाळून खडे झालेले भाताचे घास, त्यांना मुंग्या लागलेल्या, आणि वाटी पाडून बाहेर गजावर बसलेला कावळा.

"ते बाळाचे आहेत," गार्गी म्हणाली. "तूच दिलेस ना? त्याचे मी कसे खाऊ?"

रडले हो मी. आणि रडता रडता मोबाईल टुणकन वाजला — आणि माझी मान तिकडे वळली. सासूबाईंनी तो हातातून काढून घेतला. रागावून नाही, झोपलेल्या मुलाच्या हातातलं खेळणं काढतात, तसा.

"सुतक ठाऊक आहे ना तुला?" त्या म्हणाल्या. "जवळचं कुणी गेलं तर दहा दिवस. लांबचं असेल तर नुसती ऐकून अंघोळ. मग देवापुढे दिवा, आणि चुलीवर आमटी. दुःख खोटं म्हणून नव्हे गं. घरातल्यांना जेवायचं असतं म्हणून. तू साऱ्या जगाचं सुतक धरलंस, आणि अंघोळीला काही उठत नाहीस."

मंडळी, मी पंचवीस कीर्तनं केली असती तरी हे मला सुचलं नसतं.

त्या दिवसापासून मोबाईल कपाटावर, आणि दुपारच्या जेवणानंतर एकदाच वर्तमानपत्र. सासूबाई आणि मी, दोघी मिळून. मी वाचायचं, त्यांनी मधे मधे "अरेरे" म्हणायचं. वाचून झालं की हातपाय धुवायचे. मग आपल्या हातून होण्यासारखं काही असेल तर करायचं, नसेल तर कोथिंबीर निवडायला घ्यायची. मी एका रात्रीत सुधारले असं समजू नका. तिसऱ्याच दिवशी मी मोरीत नळ सोडून बातम्या बघत होते. बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "अंघोळ कर म्हटलं होतं, पण इतकी?"

आणि गार्गी? तिला आम्ही या देवळात आणलं. पूरग्रस्तांसाठी धान्य गोळा होत होतं ना, तेव्हा. तिनं ओंजळीनं तांदूळ पोत्यात टाकले, टेम्पो वळणापलीकडे जाईपर्यंत पाहिला, आणि घरी येऊन ताटावर बसली. "त्याचा गेला. आता हा माझा." खाल्लान् की हो घास! सासूबाई उगाचच फडताळात तोंड घालून डबे लावत बसल्या.

तेव्हा तुमच्या पदराखाली आणि खिशात जे उजळतंय, ते मला इथून दिसतंय बरं. हो, खांबाजवळचे काका, तुम्हालाच म्हणतेय. दुःख ऐका. अवश्य ऐका. पण ऐकून उठा. ज्याच्यापर्यंत तुमचा हात पोचतो, त्याला आधी भरवा —

काय गं? गार्गी, कीर्तन चाललंय बाळा. बरं, विचार. सगळे थांबलेत.

"आई, आपण मोबाईल कपाटावर ठेवला की तिकडचं पाणी पण थांबतं का?"