पान्यातला कळस

हॅलो?... कोन?... गुंजन काय वं? जोरानं बोल बापा, आजीचं वय काई सोळाचं नाई...

सापडला काय तुहा भाऊ?... नाई?... मंग काय सापडलं?

नुसती गाडी?... कुठं?... चिंचबोडीले? माह्या माहेरी?...

 आयकून राहिली ना...

मले का माहीत तिथं कायले गेला कैलाश! फोटो काढाले गेला असंल. ढग दिसला का धावते तो. कोनी शिकवलं नाई, मोबाइलवर पाहू पाहू शिकला अन् जुना कॅमेरा घेऊन पार हिमालयात जाऊन आला. तिथं तर महिनाभर होता, इथं तीनच दिवस झाले...

हो... फोन बंद हाय, आयकलं ते.

वाट विचारली त्यानं? कोनाले?... त्या चिंधू गुराख्याले? कुठची वाट?

...

हॅलो. हाय मी, हाय... जुन्या तलावाची म्हने काय?

गुंजन, तुह्या बापाले एकदम सांगू नको. मीच धाडलं त्याले... अवं, धाडलं म्हंजे गोष्ट सांगतली! मी वाघाले मुसळानं हाकललं, ते नाई काय सांगतलं तुले? तशीच... हो. तशीच खोटी.

होळीले आला ना तो, फोटो दाखवून राहिला होता. बर्फच बर्फ, एक मानूस नाई. म्हने, "आजी, आपल्याकडं का हाय? धानाच्या बांध्या अन् तलाव." पुन्हा जातो म्हने, सालभर येत नाई. लागलं ना वं मनाले. म्हटलं, माह्या माहेरच्या तलावात मंदिर बुडलं हाय. उन्हाळ्यात पानी उतरलं का दिवस निंगतांनी सोन्याचा कळस दिसते...

मंदिर कुठचं वं! कमरेएवढं पानी अन् खाली नुसता गाळ. मी लहान होती तं म्हैस गेल्ती त्यात, शिंगंई नाई दिसले मंग...

हो, म्हटलं तसं. काठावरून दिसत नाई, आत जा लागते म्हटलं... जवळ फिरंल म्हनून वं! रोज घरी जेवाले येईल म्हनून!

मंग शिव्या देजो, आता आयक. लोक जंगलात शोधून राहिले ना? वापस बोलाव सगळ्याईले. तुमी तलावाच्या पाळीवर चढा, मोहाच्या झाडाकडून... चाल, फोन ठेवू नको.

पोहचली?... का दिसते?... झाडाले बॅग?... त्याचीच?...

रडू नको. खाली पाह्य. चपला हाय काय?... दोन्ही?...

सरळ हाय का उलट्या?... नीट पाह्य ना बाई, तळ आभाळाकडं हाय काय?

...

मीच सांगतलं वं. चपला उलट्या ठेवल्याबिगर कळस दिसत नाई म्हनून. गोष्टीले रंग याव म्हनून जोडलं होतं ते मी...

कोन वरडून राहिलं?... माहा धर्मेंद्र? पान्यात?... थांबव त्याले! धर तुह्या बापाले, गुंजन! डोंगा आना आधी, दोर आना... का म्हनते तो?... मी खोटारडी हाय, कबूल! पन गाळ खरा हाय वं!... गुंजन, सांग त्याले, तुही माय आज खरं सांगून राहिली...

हॅलो?... हॅलो?