उन्हाळ्याचा हुकूम

तुमच्याकडे हवा पाहून ऋतू बदलतात गं, आमच्याकडे हुकूम निघतो. हे फौजेतून रिटायर झाले, बबीनाची छावणी सुटली, झाशीत घर घेतलं, पण सवय काही गेली नाही. यंदा शिवरात्रीनंतर जरा ऊन तापलं, की ह्यांनी जाहीर केलं, "आजपासून उन्हाळा!" रजाया, स्वेटर, माझी शालसुद्धा लोखंडी पेटीत गेली. पेटीला कुलूप, किल्ली ह्यांच्या खिशात. दुपारचा चहा बंद, त्याऐवजी ताक.

दूधवाला बिचारा म्हणाला, "साहब, फागुन का क्या भरोसा? होली तक तो रजाई बाहर रहने दो."

"हमारे यहाँ ऑर्डर चलता है," हे म्हणाले.

आणि दुसऱ्याच दिवशी गारा! असं वारं सुटलं की दातावर दात वाजायला लागले. मी म्हटलं, "अहो, पेटी उघडा."

"दिलेला हुकूम फिरवत नाहीत," म्हणे. आणि स्वतः पलंगावरची चादर गुंडाळून बसले. वर मलाच सांगतात, "आलं घालून कडक चहा टाक."

माझं डोकंच फिरलं. पेलाभर गार ताक नेऊन पुढ्यात आदळलं.

"हे काय?"

"उन्हाळा चालू आहे ना?"

माझ्याकडे पाहिलं, ताकाकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी किल्ली निघेल. कसली निघते! घटाघटा सगळं ताक प्यायले, कुडकुडत मिशा पुसल्या आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."